जपानचे गावरान द्राक्ष आणि पन्नास रुपयांचा फरक



मागच्या तालुका बैठकीत मी जपानच्या द्राक्षांचा विषय काढला तेव्हा मागच्या रांगेतले एक बाबा उठून म्हणाले, "साहेब, आमच्याकडं प्यायला पाणी नाही आन् तुम्ही जपानच्या दारूचं सांगता." सभा हसली, मीही हसलो. बैठक संपली, सतरंज्या गोळा झाल्या, तेव्हा तेच बाबा माझ्या मोटारसायकलपाशी थांबलेले. म्हणाले, "पण त्या द्राक्षाला भाव काय भेटतो?"

प्रश्न तोच आहे. त्याचे उत्तर मोटारसायकलपाशी उभ्याने देता येण्यासारखे नव्हते, म्हणून इथे लिहितो.

मायबहिणींसाठी आधीच सांगून ठेवतो. ज्या गावांत तुम्ही मतदान करून बाटली आडवी केली, त्या गावांत ती पुन्हा उभी करायला हा लेख नाही. मी पिकाचा माणूस. मला त्या बाटलीत पीक दिसते, ते पिकवणारा दिसतो आणि त्याच्या मालाचे पुढे काय होते ते दिसते. तेवढ्यापुरतेच बोलतो.

जपानमध्ये तोक्योच्या पश्चिमेला यामानाशी नावाचा जिल्हा आहे. चारी बाजूंनी डोंगर, मधे वाटीसारखा खोलगट प्रदेश. या भागाचे जुने नाव कोशू, आणि इथल्या गावरान द्राक्षाचे नावही कोशूच. आपण खानदेशी, वऱ्हाडी म्हणतो तसे. या वाटीच्या पूर्वेच्या कडेला कात्सुनुमा हे गाव आहे आणि तिथे शेकडो वर्षांपासून कोशूच्या बागा आहेत. गावरान म्हटले तरी हे द्राक्ष मुळात बाहेरून आलेले. जपानच्या संशोधकांनी २०१३ मध्ये त्याची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे सत्तर टक्के अंश युरोपातल्या द्राक्षाच्या जातीचा निघाला आणि बाकीचा चीनकडच्या रानद्राक्षाचा. म्हणजे पश्चिमेकडून निघालेला वेल चीनमार्गे, वाटेत तिथल्या रानवेलाशी सोयरीक करून, जपानात पोचला. आपली मिरचीही अशीच बाहेरून आली आणि आज तिच्याशिवाय ठेचा होत नाही. देशी-विदेशीवरून हातघाईवर येणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

त्या रानद्राक्षाच्या रक्ताचा उपयोग काय झाला? कोशूची साल जाड असते, रंग फिकट गुलाबी-राखाडी. जपानात पाऊस भरपूर. जून-जुलैत झड लागते आणि घड भरत असतात तेव्हा सप्टेंबरात वादळे येतात. युरोपातली नाजूक सालीची द्राक्षे अशा पावसात सडतात, मणी तडकतात. कोशू तग धरते. तरीही काळजी घ्यावीच लागते. तिथले बागाईतदार घडाघडावर मेण लावलेल्या कागदाची छोटी टोपी बसवतात, छत्रीसारखी, म्हणजे पाणी घडावर थांबत नाही. एकेका घडाला हाताने. आपल्याकडे नाशिक-सांगलीचा द्राक्षवाला अवकाळीच्या भीतीने रात्र जागून काढतो, त्याला हे काम समजेल. वेल चढवायची पद्धतही त्याला ओळखीची वाटेल, कारण तिथेही मांडवच आहे. सतराव्या शतकातल्या नागाता तोकुहोन नावाच्या वैद्याने बांबूचा मांडव घालायला शिकवले, असे तिकडे सांगतात. जमीन कमी, दमट हवा, वेलाची वाढ जोरदार. डोक्यावर मांडव पसरला की वारा खेळतो आणि माल भरपूर येतो. एका जुन्या वेलाला शेकड्यांनी घड.

हे "माल भरपूर येतो" ध्यानात ठेवा. पुढे याच वाक्यापाशी परत यायचे आहे.

शेकडो वर्षे कोशू हे खायचे द्राक्ष होते. त्याची वाईन करायची टूम निघाली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, जपान सरकार युरोपाकडे डोळे लावून बसले होते तेव्हा. १८७७ साली कात्सुनुमा भागातल्या लोकांनी भांडवल गोळा करून वाईनची कंपनी काढली आणि गावातल्या दोन तरुणांना, ताकानो मासानारी आणि त्सुचिया र्‍युकेन यांना, फ्रान्सला पाठवले. भाषा येत नाही, बोटीचा लांबचा प्रवास, आणि काम काय, तर द्राक्ष आंबवायला शिकून या. दोघे शिकून परत आले. वाईन केली. पण भात आणि साकेवर वाढलेल्या जपानी माणसाला ती आंबट पांढरी वाईन रुचेना. माल खपला नाही, १८८६ मध्ये कंपनी बंद झाली. तंत्र शिकून आले, माल तयार झाला, गिऱ्हाईक नव्हते. आपल्याकडे प्रक्रिया उद्योगाच्या नावाने उभे राहिलेले आणि आता गंजत पडलेले किती सांगाडे आठवले असतील तुम्हाला.

त्यानंतरच्या काळात वाईन गावात टिकली ती उरलेल्या मालाची म्हणून. चांगला घड बाजाराला खायला, फुटका, उशिराचा, न खपलेला माल वाईनला. दुसऱ्या महायुद्धात तर आणखी गंमत झाली. वाईनमध्ये टार्टारिक आम्ल असते. त्यापासून एक क्षार मिळतो, तो तेव्हा पाण्याखालच्या पाणबुडीचा आवाज टिपणाऱ्या यंत्राला लागत असे. त्यामुळे नौदलाने हुकूम सोडला, वाईन करा, जास्तीत जास्त करा. चवीशी कोणाला देणेघेणे नव्हते, आम्ल हवे होते. अशा काळात उत्तम माल पिकवायची बुद्धी कोणाला होणार? युद्धानंतरही गावातले लोक साकेच्या मोठ्या बाटलीत, १.८ लिटरच्या, ही वाईन भरून घरी ठेवत आणि चहाच्या पेल्यात ओतून पीत. घरच्यापुरती, शेजाऱ्यापुरती. त्यात वाईट काही नाही. पण अशा मालाला भाव येत नसतो.

आता मूळ गोष्ट. कात्सुनुमातच मिसावा नावाचे एक घर आहे. १९२३ साली या घरातल्या चोतारो मिसावा यांनी वाईनचा लहानसा कारखाना काढला. आज तो ग्रेस वाइन या नावाने ओळखला जातो. चौथ्या पिढीतले शिगेकाझु मिसावा मोठ्या व्यापारी कंपनीतली नोकरी सोडून १९८० च्या दशकात घरी आले. त्यांची मुलगी आयाना पाचव्या पिढीची. ती फ्रान्सला बोर्दोच्या विद्यापीठात शिकली. पुढे दक्षिण आफ्रिका, चिली, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी जाऊन हंगामाहंगामाला तिथल्या कारखान्यांत राबली. त्या देशांत हंगाम उलटा असतो, म्हणजे घरचा तोडा आटोपून तिकडे जाता येते. एका वर्षात दोन हंगाम शिकायला मिळतात. शेतकऱ्याच्या पोरीने शिकण्यासाठी केलेला हा हिशेब मला फार आवडला. आज वाईन करण्याची सगळी जबाबदारी तिच्यावर आहे.

बाप-लेकीपुढचा प्रश्न असा होता. कोशू जात जगाच्या बाजारात कोणी मोजायला तयार नव्हते. पाणचट, गोडी कमी, सालीचा किंचित कडवटपणा. गोडी कमी म्हणजे आंबवल्यावर दम कमी. वरून साखर घालून वेळ मारून न्यायची. बहुतेकांचे मत, हे द्राक्षच असे आहे, याच्याकडून जास्त अपेक्षा करू नका. शिगेकाझुंचे म्हणणे वेगळे होते. द्राक्ष असे नाही, आपण ते असे पिकवतो. मांडवावर शेकड्यांनी घड लादले तर प्रत्येक घडाच्या वाट्याला गोडी किती येणार?

म्हणून त्यांनी यामानाशीतच, आकेनो नावाच्या उंच आणि भरपूर उन्हाच्या भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर नवी बाग धरली. आणि कोशूचा वेल मांडवावरून खाली उतरवून तारांवर उभा चढवला, युरोपात चढवतात तसा. हा प्रयोग घरात आधी एकदा फसलेला होता. कोशूचा वेल दांडगा, नुसता पाला वाढतो आणि माल धरत नाही. दुसऱ्या खेपेला वरंबे उंच केले, म्हणजे पावसाचे पाणी मुळाशी थांबणार नाही आणि वेलाचा माज उतरेल. कोरडवाहूवाल्याला हे सांगायला नको. पाणी जरा तुटले की पीक फळाकडे वळते आणि पाणी सारखे मिळाले की नुसते उफाडते, हे पऱ्हाटीत आपण दरवर्षी पाहतो. मांडवावर शेकड्यांनी घड देणारा वेल तिथे मोजके घड देऊ लागला. मणी लहान, साल आणखी जाड, पण गोडी आणि वास भरलेला.

पदवीला असताना माझ्या मास्तरांनी हा प्रयोग पाहिला असता तर त्याला नापास केले असते. एकरी उत्पादन पडले ना! आम्हाला एकच मोजपट्टी शिकवली होती, एकरी क्विंटल. माल कुठे जाणार, कोण घेणार, काय भावाने, हे आमच्या विषयात बसत नव्हते. मिसावांनी दुसरी मोजपट्टी घेतली, एकरी पैसा. आणि ती घेणे त्यांना परवडले, कारण द्राक्षापासून बाटलीपर्यंतचा सगळा व्यवहार एकाच घरात होता. माल कमी निघाला तरी बाटलीचा भाव त्यांच्या हातात होता. जो शेतकरी किलोवर द्राक्ष विकतो त्याला हा प्रयोग करायला सांगणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणे आहे. हा फरक विसरून "दर्जा सुधारा" असा उपदेश करणारे अधिकारी आपल्याकडेही फिरत असतात.

या कहाणीत एकटे मिसावाच नाहीत. १९८० च्या दशकात तिथल्या मर्शियन या मोठ्या कंपनीने कोशूसाठी एक फ्रेंच पद्धत बसवली. आंबवणी झाल्यावर तळाशी यीस्टचा साका बसतो. वाईन लगेच गाळून न घेता ती काही महिने त्या साक्यावरच ठेवायची. पाणचट वाटणाऱ्या कोशूला त्याने अंग येते. कंपनीच्या तंत्रज्ञांनी ही पद्धत पेटंटाच्या कुलुपात न ठेवता गावातल्या लहानमोठ्या सगळ्या कारखान्यांना सांगून टाकली. त्यांचा विचार धंद्याचाच होता. एकट्या आपल्या बाटलीने कोशूचे नाव होणार नाही, सगळ्या गावाचा माल सुधारला तर होईल. पुढे याच कंपनीने बोर्दोत काम करणाऱ्या ताकातोशी तोमिनागा या जपानी शास्त्रज्ञाच्या मदतीने कोशूत लिंबूवर्गी वासाचे द्रव्य शोधले आणि २००४ च्या हंगामापासून त्या वासाची वाईन काढली. म्हणजे द्राक्षात गुण होता. हजार वर्षे कोणी शोधला नव्हता, कारण शोधण्याचे पैसे कोणाला मिळत नव्हते.

आता कायद्याची बाजू. मला या सगळ्यात हीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

जपानमध्ये अनेक वर्षे असे चालले होते की परदेशातून द्राक्षाचा आटवलेला रस किंवा टँकरने स्वस्त वाईन आणायची, देशात आंबवायची किंवा बाटलीत भरायची, आणि वर लिहायचे "देशी वाईन". कायद्याने त्यात काही चूक नव्हती. देशात तयार झाली म्हणून देशी. गिऱ्हाईक समजायचे की आपल्या शेतकऱ्याचा माल पितो आहे, आणि प्रत्यक्षात द्राक्ष दुसऱ्याच खंडातले. कात्सुनुमाच्या डोंगरउतारावर घडाघडाला टोपी घालणाऱ्या शेतकऱ्याची बाटली आणि आटवलेल्या रसात पाणी घालून केलेली बाटली, दोन्ही एकाच फळीवर, एकाच नावाने. भाव कोणाच्या हिशेबाने ठरणार? स्वस्तवाल्याच्या.

हे बदलायला फार वर्षे लागली. २०१० मध्ये कोशूची वाईनच्या द्राक्षांच्या आंतरराष्ट्रीय यादीत नोंद झाली, त्यामुळे युरोपात बाटलीवर तिचे नाव छापता येऊ लागले. त्याच्या आदल्या वर्षी, २००९ मध्ये, यामानाशीतल्या कारखानदारांनी एकत्र येऊन लंडनच्या बाजारात कोशू नेण्यासाठी संघ केला होता, त्यात मिसावा पुढे होते. २०१३ मध्ये "यामानाशी" या नावाला वाईनसाठी भौगोलिक निर्देशन मिळाले, जपानात वाईनसाठी पहिलेच. आणि ऑक्टोबर २०१८ पासून नियम लागू झाला की "जपान वाईन" हे नाव फक्त जपानात पिकलेल्या द्राक्षापासून जपानात केलेल्या वाईनलाच लावता येईल. गावाचे नाव लिहायचे तर ८५ टक्के द्राक्ष त्या गावचे, जातीचे नाव लिहायचे तर ८५ टक्के त्या जातीचे. बाहेरच्या रसाची वाईन करायला बंदी घातली नाही. खुशाल करा, पण काय आहे ते बाटलीवर लिहा.

बंदी नाही, परवाना नाही, कोटा नाही. फक्त खरे बोलायची सक्ती. आपल्या चळवळीतल्या काही जणांना वाटते की बाहेरचा माल अडवला की आपल्याला भाव मिळतो. जपानचेच पाहा. युरोपच्या वाईनवरची आयात जकात २०१९ च्या फेब्रुवारीत करार लागू होताच शून्यावर आली. म्हणजे कोशूच्या बाटलीशेजारी फ्रान्स-इटलीची बाटली जकातीशिवाय येऊन बसली. त्या शर्यतीत कोशू उभी आहे ती स्वतःच्या नावावर, आणि नावामागे खोटेपणा नाही या खात्रीवर.

२०१४ मध्ये लंडनच्या डिकँटर मासिकाच्या जागतिक स्पर्धेत मिसावांच्या २०१३ च्या हंगामातल्या कोशूला सुवर्णपदक मिळाले. जपानी वाईनला त्या स्पर्धेत मिळालेले हे पहिले सुवर्ण. द्राक्ष कोणते, तर आकेनोच्या त्याच बागेतले, मोजक्या घडांचे. ज्या जातीला पाणचट म्हणून नाक मुरडत होते तीच.

इथपर्यंत वाचून कोणी टाळ्या वाजवणार असेल तर जरा थांबा. बाबांचा प्रश्न अजून तसाच आहे. द्राक्षाला भाव काय भेटतो?

कात्सुनुमातला सगळा कोशू काही कारखानदारांच्या बागेत पिकत नाही. जपानात युद्धानंतर कुळांना जमिनी मिळाल्या आणि १९५२ च्या शेतजमीन कायद्याने कंपन्यांना शेतजमीन घेण्यावर कडक बंधने आली. कंपन्यांना जमीन भाड्याने घ्यायची वाट मोकळी झाली ती २००९ मध्ये. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या वाईनवाल्यांनी द्राक्ष विकत घेतले ते लहान बागाईतदाराकडून. बागाईतदार लहान तुकड्यावर मांडव घालणारा, आता बहुतेक म्हातारा झालेला, पोरे शहरात गेलेली. त्याच्यापुढे साधा हिशेब आहे. वाईनसाठी कोशू लावावी की खायला शाइन मस्कत लावावे? शाइन मस्कत ही जपानच्या सरकारी संशोधन संस्थेने काढलेली, २००६ मध्ये नोंदलेली बिनबियांची करता येणारी हिरवी जात. मोठा मणी, सालीसकट खायची, सुवास. भेटवस्तूच्या खोक्यात घालून विकतात. त्याच्या किलोला जो भाव येतो त्याच्या जवळपासही वाईनची कोशू जात नाही. मग बागाईतदाराने काय करावे? तो कोशूचा मांडव तोडतो आणि शाइन मस्कत लावतो. बरोबर करतो. मी त्याच्या जागी असतो तर तेच केले असते.

म्हणजे पदक लंडनहून आले ते कारखान्याच्या भिंतीवर लागले. पलीकडच्या गल्लीत कोशूचा वेल तुटतो आहे. पदक आणि कुऱ्हाड एकाच गावात.

मिसावांना मी दोष देत नाही. त्यांनी बागच स्वतःची केली. पदक मिळवणारे द्राक्ष त्यांनी स्वतः पिकवले, म्हणून त्याचे मोल त्यांच्याच घरात राहिले. ज्या कारखानदाराला कोशू हवी आहे त्याला बाहेरच्या बागाईतदाराला शाइन मस्कतशी तुलना करता येईल असा काही भाव द्यावा लागेल. नाहीतर दहा-वीस वर्षांनी कोशूचे नाव छापलेले रंगीत कागद उरतील आणि त्यात भरायला कोशू राहणार नाही. तिथल्या जाणत्या कारखानदारांना हे कळते. काहींनी स्वतःची बाग धरली, काही जास्त गोडीच्या मालाला जास्त भाव देतात. पण वाण टिकवण्याचा खर्च शेतकऱ्याने पदरमोड करून सोसावा, कारण वाण "आपला" आहे, असे कोणी म्हणू लागला तर तो जपानचा असो की महाराष्ट्राचा, त्याला हात जोडून दरवाजा दाखवावा.

आता घरचे बोलतो, कारण हे बोलायचा माझ्यावर कर्ज आहे.

पदवी घेतल्यावर मी चार वर्षे एका बियाणे कंपनीत होतो. काम होते प्रात्यक्षिकाचे प्लॉट घालायचे, संकरित ज्वारीचे. एका गावात बांधाच्या अलीकडे संकरित, पलीकडे त्या घरची गावरान मालदांडी. काढणीच्या दिवशी गावाला बोलावले, वजनकाटा लावला. संकरित भारी भरली, मी भाषण ठोकले. कणीस मोठे, बुटके ताट, पडत नाही. त्या घरच्या आजीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "लेकरा, तुझ्या ज्वारीची भाकरी थापताना तुटती. आन् हिचा कडबा बैल वास घेऊन सोडतो." माझ्याकडे उत्तर नव्हते. माझ्या वहीत भाकरीचा रकाना नव्हता, कडब्याचाही नव्हता. मी हसून चहा घेतला आणि वजनाचा आकडा वरच्या साहेबाला कळवला. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या गावात मालदांडी निम्म्याने कमी झाली. त्यात माझ्या भाषणाचा वाटा आहे.

पण सगळा वाटा माझ्या भाषणाचा नाही, हेही तितकेच खरे. आजीची गोष्ट खरी होती तर शेतकऱ्याने मालदांडी का सोडली? कारण बाजारात भाकरीचा रकाना नाही. केंद्र सरकारने २०२४-२५ साठी जाहीर केलेला ज्वारीचा हमीभाव पाहा. संकरित ३३७१ रुपये क्विंटल. मालदांडी ३४२१ रुपये. फरक पन्नास रुपये! किलोला पाच पैसे नव्हे, पन्नास पैसे, एवढाच काय तो दिलासा. शहरातल्या माणसाला मालदांडीचीच भाकरी हवी असते, दुकानात तो पोत्यात हात घालून दाणा ओळखून घेतो, त्यासाठी जास्त पैसे मोजतो. आणि सरकारच्या कागदावर तिची मोठेपणाची किंमत क्विंटलला पन्नास रुपये. उत्पादन कमी, पाण्यावर नाही, कडबा चांगला, भाकरी चांगली, आणि बक्षीस पन्नास रुपये. मग आपणच आपल्या पोराला सांगतो, हायब्रीड पेर किंवा सरळ सोयाबीन पेर. कात्सुनुमाच्या म्हाताऱ्यासारखेच. चुकत नाही आपण.

नाव मिळाले तर भाव मिळेल, असेही आपोआप होत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले, यामानाशीच्या वाईनला २०१३ मध्ये मिळाले तसेच. कागद सारखाच. पण यामानाशीत त्या नावाने बाटली बंद होते, बाटलीवर हंगाम लिहिलेला असतो, भरणाऱ्याचे नाव असते आणि खोटे लिहिले तर कायदा आहे. ज्वारी आडतीवर गेली की कोणाची कोणती, हे पोत्याला विचारावे लागते. चार गावांची ज्वारी एका ढिगात पडते आणि वर पाटी लागते "अस्सल मालदांडी". आपल्या कापसाचेही तेच. तुम्ही पहिल्या वेचणीचा स्वच्छ, लांब धाग्याचा कापूस नेला काय आणि शेजाऱ्याने कवडीमिश्रित नेला काय, जिनात तो एका ढिगात पडला की भाव ढिगाचा लागतो. चांगला माल पिकवणाऱ्याच्या खिशातून खराब माल पिकवणाऱ्याला आणि भेसळ करणाऱ्याला पैसे जातात. कोशूच्या बाटलीत परदेशी रस मिसळला जात होता तेव्हा हेच चालले होते.

तेव्हा देशी वाणांच्या प्रेमाने गहिवरून जे मंडळी आपल्याकडे येतात, बियाणे महोत्सव भरवतात, फोटो काढतात, त्यांना माझे सांगणे आहे. महोत्सव जरूर भरवा, पण आधी सांगा की पुढच्या संक्रांतीला मालदांडी किती क्विंटल घेणार, काय भावाने, आणि पैसे रोख की उधार. हा प्रश्न विचारला की निम्मे लोक चहा न पिताच जातात. उरलेल्या निम्म्यांशी बोलायला मजा येते.

पुढच्या महिन्यात जिल्हा बैठक आहे. तीत मला एकच ठराव चर्चेला मांडायचा आहे आणि तो वाईनवर नाही. गावातल्या दहा-पंधरा घरांनी यंदाच्या रब्बीतली मालदांडी आडतीवर न नेता वेगळी ठेवायची. दाणा स्वच्छ करून पाच-पाच किलोच्या पिशवीत भरायची. पिशवीवर गाव, पेरणीचा महिना आणि शेतकऱ्याचे नाव लिहायचे, आणि शहरात थेट द्यायची. हमीभावापेक्षा किती जास्त मिळाले ते पुढच्या बैठकीत वहीसकट सांगायचे. कमी मिळाले तरी सांगायचे, लपवायचे नाही. ज्या गावाला यात यायचे आहे त्यांनी बैठकीला येताना शेरभर मालदांडी सोबत आणावी. भाकऱ्या थापायला कोण बसणार हे मायबहिणींनीच ठरवावे. यंदा तव्यापाशी पुरुषांना बसवायचे ठरले तरी माझी हरकत नाही, पीठ मी मळतो.